राज्यपाल नव्हे, गव्हर्नर

२२ नोव्हेंबर २०१९, शुक्रवार. रात्रीची जेवणं उरकून आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो आणि साडेनऊच्या सुमारास घरातले सगळे फोन एकदम किणकिणायला लागले. तिकडे मुंबईत शनिवारची सकाळ उजाडली होती. पहाटे पावणेसहाच्या सुमारास राष्ट्रपती राजवट उठवली गेली होती आणि आठच्या सुमारास राजभवनात मुख्यमंत्र्यांचा शपथविधी उरकलासुद्धा होता. माझे सासरे, अप्पा, तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. उभी हयात मंत्रालयात गेलेली. त्या रात्री ते एक वाजेपर्यंत झोपले नाहीत. राज्यपालांना काय करता येतं, काय करता येत नाही, कुठल्या साली कोणी काय केलं, याची त्यांनी आम्हाला शिकवणीच घेतली.

मध्येच थांबून त्यांनी माझ्या लेकीला विचारलं, "काय गं, तुमच्या न्यू जर्सीचा मुख्यमंत्री कोण?"

ती तेव्हा सोळा वर्षांची होती. म्हणाली, "आजोबा, इथे मुख्यमंत्री नसतो. गव्हर्नर असतो. मर्फी."

"ते राज्यपाल झाले. मी मुख्यमंत्री विचारतोय. राज्य चालवतो कोण?"

"तेच चालवतात."

अप्पांचा विश्वास बसेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली खरी, पण त्यांच्या पुढच्या प्रश्नावर माझी दांडी उडाली. "मग तुमच्या विधानसभेची निवडणूक कधी असते?" मला माहीत नव्हतं. लेकीने शोधून सांगितलं : अडीच आठवड्यांपूर्वीच झाली होती, ५ नोव्हेंबरला. सगळ्या ८० जागांसाठी. मला महाराष्ट्रातल्या २८८ जागांचा पक्षवार हिशेब तोंडपाठ होता, आणि माझ्या दारात निवडणूक येऊन गेली त्याचा पत्ता नव्हता. २०१० साली नागरिकत्वाची शपथ घेतली होती मी.

४ नोव्हेंबर २०२५ ला न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक होती. त्या निमित्ताने, आणि माझ्या त्या रात्रीच्या फजितीची परतफेड म्हणून, हा लेख. कोणाला मत द्या हे मी सांगणार नाही. ते माझं काम नाही आणि आपल्या अंकाचंही नाही. मला बोलायचं आहे ते एका भाषांतराबद्दल.

आपल्याच अंकाचे जुने गठ्ठे काढून बघा. इंग्रजी पानांवर जिथे 'गव्हर्नर' येतं, तिथे मराठी पानांवर आपण बेधडक 'राज्यपाल' लिहीत आलो आहोत. मीसुद्धा लिहिलंय. शब्दकोशाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण शब्दामागून चित्र येतं. राज्यपाल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मलबार हिलचा समुद्र दिसतो, लाल गालिचा दिसतो, दीक्षान्त समारंभातला झगा दिसतो. कोणीतरी वयस्क, सन्माननीय, बहुधा परराज्यातले गृहस्थ. दीपप्रज्वलनाला बोलवावं, शाल-श्रीफळ द्यावं, फोटो काढावा. आणि आपण इथल्या गव्हर्नरशी, त्यांच्या कचेरीतून येणाऱ्या माणसांशी, नेमके तसेच वागतो.

भारतातल्या राज्यपालाची मुदत घटनेप्रमाणे पाच वर्षं, पण राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर. म्हणजे खरं तर दिल्लीची मर्जी. महाराष्ट्राच्या यादीकडे पाहिलं तर मुदत हा शब्दच किती लवचीक आहे ते कळतं. पी. सी. अलेक्झांडर १९९३ ते २००२, नऊ वर्षांहून जास्त राहिले. १९६२ मध्ये आलेले सुब्बरायन त्याच वर्षी पदावर असताना वारले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाल्यावर महाराष्ट्राचा कारभार गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे अतिरिक्त म्हणून सोपवला गेला. १९६० साली एवढा लढा देऊन वेगळी केलेली दोन राज्यं एका माणसाच्या सहीखाली पुन्हा एकत्र! यात बेकायदा काही नाही. १९५६ पासून घटनेत तशी सोय आहे. पण असं चालू शकतं याचाच अर्थ असा, की पद मुळात अर्धवेळ आहे. सुशीलकुमार शिंद्यांनी २००४ साली निवडणूक जिंकून दिली आणि त्यांची रवानगी हैदराबादच्या राजभवनात झाली. राजभवन म्हणजे बढती की पाठवणी, हे तेव्हा चहाच्या टपरीवरचा माणूसही सांगू शकत होता.

याची एक मजेदार बाजू मला अलीकडे कळली. १९४७ च्या जुलैमध्ये दिल्लीच्या संविधान सभेने राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट लोकांनी निवडून द्यावा हे तत्त्व मान्य केलं होतं. सरदार पटेलांच्या समितीची ती शिफारस होती. म्हणजे आपलाही राज्यपाल जवळजवळ अमेरिकन वळणाचा व्हायचा! पुढे दोन वर्षांत विचार बदलला. सगळ्या प्रांताने निवडलेला राज्यपाल आणि एका मतदारसंघातून आलेला मुख्यमंत्री, यांच्यात मोठा कोण, ही भांडणं कोण सोडवणार, अशी धास्ती होती. आंबेडकरांचं म्हणणं असं, की या घटनेत राज्यपालाने स्वतःच्या अखत्यारीत करावं असं काही कामच ठेवलेलं नाही. १९४९ च्या मे महिन्यात 'निवडून' जाऊन 'नेमून' आलं.

आता गंमत अशी, की १९४७ च्या त्याच उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर, न्यू ब्रन्सविकला रटगर्सच्या जिम्नेशियममध्ये न्यू जर्सीची घटना परिषद बसली होती. आज आपली निम्मी मुलं ज्या कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर खिचडी खायला वेळ नाही म्हणून पिझ्झा खातात, तिथेच. दिल्लीत गव्हर्नर या पदातली हवा काढायची की नाही यावर खल चालू होता, आणि इथे त्याच पदात हवा भरायची की नाही यावर. दिल्लीने शेवटी काढली. न्यू ब्रन्सविकने भरली, आणि इतकी भरली की आज न्यू जर्सीचा गव्हर्नर देशातल्या सगळ्यात ताकदवान गव्हर्नरांपैकी एक मानला जातो.

हवा भरायची वेळ का आली, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

न्यू जर्सीलाही एके काळी लाटसाहेब होते. इंग्लंडच्या राजाने नेमलेले. शेवटचे विल्यम फ्रँकलिन, म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनचे चिरंजीव. बाप क्रांतीच्या बाजूचा, मुलगा राजाचा. १७७६ च्या जूनमध्ये वसाहतीतल्या लोकांनी या लाटसाहेबांना सरळ अटक केली आणि कनेक्टिकटला पाठवून दिलं. बापलेकांचं पुढे कधी जमलं नाही. असा अनुभव घेतलेल्या लोकांनी २ जुलै १७७६ ला घाईघाईने स्वतःची पहिली घटना मंजूर केली, तेव्हा त्यांना गव्हर्नर हवा होता तो दात पाडलेला. मुदत एक वर्ष, आणि निवड विधिमंडळाने करायची. पहिले गव्हर्नर विल्यम लिव्हिंग्स्टन दर वर्षी अशी परीक्षा देत आणि पास होत १७९० साली मरेपर्यंत पदावर राहिले. चौदा वर्षं! मुदत एक वर्षाची असली म्हणजे माणूस एकच वर्ष राहतो असं नाही, हा त्यातला पहिला धडा.

१८४४ मध्ये दुसरी घटना आली. गव्हर्नर आता लोकांनी निवडायचा, मुदत तीन वर्षं, पण लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायचं नाही. ऐकायला छान. कोणी खुर्चीला चिकटू नये म्हणून केलेली सोय. प्रत्यक्षात काय झालं? गव्हर्नर तीन वर्षांचा पाहुणा झाला आणि घर दुसरेच चालवू लागले. जर्सी सिटीचे फ्रँक हेग १९१७ ते १९४७ तीस वर्षं महापौर होते, आणि राज्याच्या चाव्या बऱ्याच अंशी त्यांच्या कनवटीला असत. त्यांच्याच गोटातले ए. हॅरी मूर १९२६, १९३२ आणि १९३८ असे तीनदा गव्हर्नर झाले. एक मुदत करायची, बाहेर बसायचं, परत यायचं. नियमाचा शब्द पाळला गेला, अर्थ मात्र गेला. (अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "यात नवीन काय? आमच्याकडे सरपंचाची जागा महिलांसाठी राखीव झाली की नवरा कारभार बघतो.") वुड्रो विल्सन यांच्यासारखा माणूस १९११ मध्ये आला आणि दोन वर्षांत राष्ट्राध्यक्ष होऊन निघूनही गेला.

थॉमस एडिसनचा मुलगा चार्ल्स एडिसन १९४१ मध्ये गव्हर्नर झाला, त्याने नव्या घटनेचा आग्रह धरला. काम पुरं झालं ते आल्फ्रेड ड्रिस्कॉल यांच्या कारकिर्दीत, रटगर्सच्या त्या परिषदेत. मुदत चार वर्षं. लागोपाठ दोनदा येता येतं, मग चार वर्षं थांबायचं. आणि अधिकार? सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश गव्हर्नर नेमणार, सिनेटच्या संमतीने. अ‍ॅटर्नी जनरल, जो बऱ्याच राज्यांत लोक निवडून देतात, तोही इथे गव्हर्नर नेमणार. प्रत्येक काउंटीचा सरकारी वकील गव्हर्नर नेमणार. अर्थसंकल्पातली एखादी ओळ आवडली नाही तर तेवढीच खोडता येणार. विधेयक 'असे असे बदल करा, मग सही करतो' म्हणून परत पाठवता येणार. क्रिस ख्रिस्टी यांनी आठ वर्षांत शेकडो विधेयकं अडवली किंवा परत धाडली, आणि त्यांचा एकही नकार विधिमंडळाला उलटवता आला नाही.

आता सांगा, याला राज्यपाल म्हणायचं?

एक सही काय करते त्याची दोन उदाहरणं देते. पहिलं जुनं आहे, आपल्यातले फार थोडे तेव्हा इथे होते. ब्रेंडन बर्न १९७४ मध्ये गव्हर्नर झाले तेव्हा न्यू जर्सीत राज्याचा प्राप्तिकर नव्हता. शाळा चालायच्या त्या मुख्यतः गावोगावच्या प्रॉपर्टी टॅक्सवर, आपण ज्याला घरपट्टी म्हणू. श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत, गरीब गावाची गरीब. १९७३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हे घटनेत बसत नाही. राज्याने पैसा उभा करावा. विधिमंडळ तीन वर्षं हो-नाही करत राहिलं. शेवटी न्यायालयाने १ जुलै १९७६ पासून राज्यातल्या सार्वजनिक शाळांना कुलूप घातलं. उन्हाळा होता म्हणून बरं. आठवडाभरात प्राप्तिकर मंजूर झाला आणि बर्न यांनी सही केली. लोक भडकले. 'एका मुदतीचे बर्न' असं त्यांचं नावच पडलं. पण १९७७ च्या निवडणुकीला अजून सव्वा वर्ष होतं. तेवढ्यात लोकांना प्रॉपर्टी टॅक्समध्ये सूट म्हणून हातात चेक मिळाले, विरोधकांना दुसरा मार्ग नीट मांडता आला नाही, आणि बर्न पुन्हा निवडून आले. तीन वर्षांची, पुन्हा उभं न राहण्याची मुदत असती तर त्यांनी हे केलं असतं का? मला वाटतं, नसतं केलं. करून दाखवायला आणि त्याचा जाब द्यायला पुरेसा वेळ, असा चार वर्षांचा अर्थ आहे.

जाब मात्र प्रत्येकाला पचतोच असं नाही. जिम फ्लोरिओ यांनी १९९० मध्ये कर भरमसाट वाढवले, विक्रीकर टॉयलेट पेपरवरही लावला. लोकांनी निषेधाला टॉयलेट पेपरचीच भेंडोळी फेकली. १९९३ मध्ये ख्रिस्टीन व्हिटमन यांनी त्यांना थोडक्यात हरवलं. याच फ्लोरिओंच्या कारकिर्दीत, १९९० मध्ये, वंश-धर्मावरून धमकावणं आणि हल्ले करणं याविरुद्धचा राज्याचा कायदा झाला. आपल्यातल्या ज्येष्ठांना १९८७ ची जर्सी सिटी आठवत असेल. टिकली लावणाऱ्या बायकांना लक्ष्य करणारी ती 'डॉटबस्टर्स' टोळी, संध्याकाळी बाहेर पडताना कपाळ पुसणाऱ्या आपल्या मैत्रिणी. तो कायदा आभाळातून पडला नाही. भारतीय लोक सभांना गेले, ट्रेंटनला गेले, बोलले. तेव्हा आपण संख्येने किती कमी होतो!

दुसरं उदाहरण २०१० चं. हडसन नदीखालून रेल्वेचे दोनच बोगदे आहेत, १९१० साली सुरू झालेले. नव्या बोगद्याचं काम २००९ मध्ये सुरू झालं होतं. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये ख्रिस्टी यांनी ते रद्द केलं. त्यांचं म्हणणं असं, की खर्च वाढला तर बोजा न्यू जर्सीच्या करदात्यावर पडेल. विरोधकांचं म्हणणं, की केंद्राचे अब्जावधी डॉलर हातचे घालवले. दोन वर्षांनी सँडी वादळात त्या शंभर वर्षांच्या बोगद्यांत खारं पाणी शिरलं. नव्या प्रकल्पाचं काम पुन्हा सुरू व्हायला २०२३ उजाडलं. निर्णय बरोबर की चूक यावर मेट्रोपार्कच्या फलाटावर आजही दोन तट पडतात, आणि पडोत. माझा मुद्दा एवढाच, की आपल्यातली हजारो माणसं रोज त्या बोगद्यातून जातात आणि तो निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला नव्हता. ट्रेंटनमध्ये एका माणसाच्या टेबलावर झाला होता. त्या माणसाला निवडण्याच्या दिवशी आपल्यातले बहुतेक जण घरी होते. २०१३ मध्ये मीही घरीच होते. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षासाठी मात्र नवी साडी नेसून रांगेत उभी राहिले होते, सेल्फीसकट.

गव्हर्नरची निवडणूक विषम सालात का, हे कोडंही त्या १९४७ च्या परिषदेतच सुटतं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या गदारोळात राज्याचे प्रश्न बुडून जाऊ नयेत म्हणून ती मुद्दाम वेगळ्या वर्षी ठेवली. राष्ट्राध्यक्ष निवडून आल्याच्या पुढच्याच वर्षी गव्हर्नर निवडणारी राज्यं दोनच : आपण आणि व्हर्जिनिया. (व्हर्जिनियात तर गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाही. १८४४ च्या न्यू जर्सीसारखंच. आपल्या तिकडच्या मित्रमंडळींना त्याचा अभिमान आहे. मला त्यांची दया येते.) पण हेतू चांगला असला तरी किंमत पडते. २०२० मध्ये न्यू जर्सीतल्या नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी मत दिलं. २०२१ मध्ये, गव्हर्नरच्या वेळी, सुमारे ४० टक्क्यांनी. म्हणून ही निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या वर्षात हलवा, असं म्हणणारे आहेत. आमच्या घरातच आहे. माझी लेक म्हणते, "आई, जास्त लोक वोट करणार असतील तर प्रॉब्लेम काय आहे?"

प्रॉब्लेम आहे. मतं वाढतील, पण ती वरच्या नावाच्या लाटेत खालच्या नावाला पडतील. आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभा एकत्र घेण्याची चर्चा चालते, त्यावर जो आक्षेप आहे तोच. शाळांचा पैसा, रेल्वे, प्रॉपर्टी टॅक्स, रटगर्सची फी, यावर एक तरी निवडणूक लढली जावी. १९६५ नंतर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत इथे कुठल्याही पक्षाला गव्हर्नरपद लागोपाठ तीनदा जिंकता आलं नव्हतं. एरवी निळं समजलं जाणारं हे राज्य गव्हर्नर निवडताना आलटून-पालटून हिशेब मागतं, ते या वेगळ्या वर्षामुळेच असं माझं मत आहे. लेकीला ते पूर्ण पटलेलं नाही. वाद चालू आहे.

आणि कमी मतदानाचा दुसरा अर्थही बघा. १९८१ मध्ये टॉम कीन यांनी फ्लोरिओंना किती मतांनी हरवलं? १,७९७. अख्ख्या राज्यात! आपल्या गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत एवढी माणसं असतात.

गव्हर्नर मध्येच गेला तर काय, हा प्रकार मात्र १९४७ च्या शहाण्यांनी नीट सोडवला नव्हता, आणि त्याने जो विनोद घडला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. २००९ पर्यंत न्यू जर्सीला उपगव्हर्नरच नव्हता. गव्हर्नर नसला की सिनेटचा अध्यक्ष हंगामी गव्हर्नर, आणि आपली सिनेटची खुर्चीही तशीच राखून. म्हणजे कायदा करणाराही तोच, सही करणाराही तोच. २००१ मध्ये व्हिटमन बुश सरकारात गेल्या तेव्हा सिनेटचे अध्यक्ष डीफ्रान्सेस्को वर्षभर असे दुहेरी बसले. ८ जानेवारी २००२ ला त्यांची सिनेटची मुदत संपली, नवे गव्हर्नर मॅक्ग्रीव्ही १५ तारखेला येणार होते. मधल्या आठवड्याचं काय? आधी सुमारे दीड तास अ‍ॅटर्नी जनरल फार्मर गव्हर्नर झाले. नव्या सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे वीस-वीस सभासद, म्हणून अध्यक्ष दोन : बेनेट आणि कोडी. मग त्यांनी उरलेले दिवस निम्मे-निम्मे वाटून घेतले. आठ दिवसांत पाच गव्हर्नर! महाराष्ट्रातल्या अडीच-अडीच वर्षांच्या वाटपाला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुढे मॅक्ग्रीव्ही यांनी २००४ च्या ऑगस्टमध्ये राजीनामा जाहीर केला, पण तो नोव्हेंबरच्या मध्यापासून लागू केला. लगेच गेले असते तर त्याच नोव्हेंबरात पोटनिवडणूक झाली असती. ती टळली आणि कोडी पुन्हा हंगामी झाले, चौदा महिने. माणूस लोकप्रिय होता, कारभारही बरा केला. पण सबंध राज्यातल्या मतदारांनी त्यांना त्या पदासाठी एकदाही मत दिलेलं नव्हतं. २००५ मध्ये लोकांनी घटनादुरुस्ती मंजूर करून उपगव्हर्नरचं पद आणलं. ते शोभेचं नाही हे २०२३ च्या उन्हाळ्यात दिसलं, जेव्हा मर्फी परदेशी होते आणि कारभार सांभाळणाऱ्या उपगव्हर्नर शीला ऑलिव्हर यांचं अचानक निधन झालं. म्हणून मतपत्रिकेवर गव्हर्नरच्या नावाशेजारचं दुसरं नावही वाचा.

आपल्यातल्या पुष्कळांना मताचा अधिकार नाही, हे मी विसरलेले नाही. एच-वन-बी वर, ग्रीन कार्डाच्या त्या न संपणाऱ्या रांगेत, वर्षानुवर्षं कर भरणारी माणसं. त्यांना मी काय तोंडाने सांगू? एवढंच, की डॉटबस्टर्सच्या वेळी ट्रेंटनला गेलेल्या सगळ्यांकडेही मत नव्हतं. प्रश्न विचारायला नागरिकत्व लागत नाही. २०२२ च्या जानेवारीत मर्फी यांनी शाळांमध्ये आशियाई अमेरिकनांचा इतिहास शिकवण्याच्या कायद्यावर सही केली. त्यासाठी झटणाऱ्यांत शाळकरी मुलंही होती.

आता मंडळाबद्दल. काही वर्षांपूर्वी आपल्या एका कार्यक्रमाला राज्य सरकारातल्या एक मोठ्या पाहुण्या आल्या होत्या. त्यांनी दिवा लावला, 'हॅपी दिवाली' म्हणाल्या, आपण शाल दिली, पैठणीचं कौतुक झालं, वीस मिनिटांत त्या गेल्या. सभागृहात शिक्षक होते, डॉक्टर होते, छोटे दुकानदार होते, बोगद्यातून रोज जाणारे तर अर्धे सभागृह. कोणी एक प्रश्न विचारला नाही. त्या बिचाऱ्या विचारायला तयार होत्या की नाही कोण जाणे. आपणच तयार नव्हतो. सूत्रसंचालन मी करत होते. मी त्यांची ओळख करून देताना 'राज्यपालांच्या प्रतिनिधी' असंच म्हटलं होतं.

समितीत हा विषय काढला की एक ठरलेलं उत्तर मिळतं : आपली करमुक्त संस्था आहे, राजकारण नको. उमेदवाराचा प्रचार करता येत नाही हे खरं. पण मतदार नोंदणीचं टेबल मांडता येतं. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न लेखी पाठवून आलेली उत्तरं जशीच्या तशी छापता येतात. कायद्याची याला ना नाही. माझी सूचना साधी आहे. नवा गव्हर्नर जानेवारीत शपथ घेतो, कोणी का असेना. तोवर अडीच महिने असतात. आपल्या सभासदांकडून पाच प्रश्न गोळा करू, मराठीत आले तरी चालतील, आणि संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या आधी ते पत्र ट्रेंटनला पाठवू. उत्तर आलं तर पुढच्या अंकात छापू. नाही आलं तर तेही छापू. तिळगूळ सोबत ठेवायचा की नाही ते समितीने ठरवावं.

माझी लेक २०२५ च्या सप्टेंबरपासून एका सार्वजनिक शाळेत शिकवते. तिच्या वर्गात किती मुलं असावीत, तिच्या पेन्शनीत राज्य किती घालणार, हे सगळं त्या ट्रेंटनच्या टेबलावर ठरतं, त्यामुळे ती माझ्यापेक्षा शहाणी झाली आहे. २०२५ मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती, आणि लवकर मतदान २५ पासून २ नोव्हेंबरपर्यंत. आम्ही दोघींनी पहिल्याच शनिवारी जायचं ठरवलं होतं. अप्पांना पुण्याला फोन करून सांगितलं तर त्यांनी नमुना मतपत्रिकेचा फोटो मागवला. तो पाठवल्यावर अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला. गव्हर्नर राहिले बाजूला, म्हणाले, "खाली हे काउंटीचे आणि शाळा समितीचे उमेदवार दिसतायत, यांची काही माहिती काढलीस का?"

नव्हती काढली. त्या रात्री बसणार होते.